कर्नाळा पक्षी अभयारण्य
महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील (पूर्वीचा कुलाबा जिल्हा) एक छोटे अभयारण्य. पनवेलच्या दक्षिणेस सु. १२ किमी. वर, मुंबई–गोवा मार्गावर कर्नाळा किल्ल्याच्या उतारांवर ते पसरले आहे. १९६८ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याचे क्षेत्र अवघे ४·४८ चौ. किमी. होते; २००३ मध्ये ते सु. १२·११ चौ. किमी. करण्यात आले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील असल्याने ही स्थापना त्याच्या आधीची ठरते.

या डोंगराचा ज्ञात इतिहास मुख्यतः किल्ल्याचा आहे. माथ्यावरील बेसाल्टचा सु. ३८ मी. उंचीचा सुळका दूरवरून ओळखू येतो. कोकण किनाऱ्याकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर येथून नजर ठेवता येई, म्हणून गुजरातचे सुलतान, अहमदनगरची निजामशाही व पोर्तुगीज यांच्यात सोळाव्या शतकात त्यासाठी चढाओढ झाली. पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळाही होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. फळ्यांच्या आडोशाने मोर्चे पुढे सरकवीत ते चढले, असे वर्णन आढळते. १८१८ मध्ये तो कर्नल प्रॉथरने जिंकून घेतला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा येथील किल्लेदार होते. फडके यांचे जन्मगाव शिरढोण जवळच आहे.

पानझडी वनात साग, ऐन, कुसुंब, उंबर, पांगारा इ. वृक्ष आढळतात. पक्ष्यांच्या दीडशेहून अधिक जातींची येथे नोंद आहे. कर्णा, शामा, हळद्या, स्वर्गीय नर्तक व शीळ घालणारा कस्तूर ही त्यांतील काही. खरे वैशिष्ट्य मात्र तिबोटी खंड्याचे. पावसाळ्याच्या आरंभी तो येतो आणि ओढ्याकाठच्या मातीत बीळ खोदून घरटे करतो. हिवाळ्यात उत्तरेकडील स्थलांतरित पक्षी येतात. हौशी पक्षिनिरीक्षक बहुधा हिवाळाच निवडतात, पण या वनाचा खरा बहर पावसाळ्यातच पाहावा.

ज्या वाहतुकीवर किल्ल्याची नजर असे, तिच्याच आजच्या रूपाने, म्हणजे महामार्गाने, अभयारण्य दुभंगले आहे. एवढ्या लहान वनाला हा छेद जड जातो. पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ पासून हाती घेण्यात आले, तेव्हा अभयारण्यातील तुकड्याचे काम वन्यजीवविषयक परवानगीअभावी रखडले. रस्ता हवा की वन, हा वाद त्यामुळे बराच गाजला. दोन्ही बाजूंचे वन जोडलेले राहिले, तरच २००३ मधील विस्ताराचा उपयोग. परिसरात ठाकर व कातकरी वस्त्या आहेत.