बागेची वाट कागदावर: शेतरस्त्यासाठी स्वखुशीने जागा देताना

राजापूर तालुक्यात हापूसची कलमे आणि काजू बहुतेक सड्यावर नाहीतर उतारावर. बागेकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या गडग्याला लागून जाते आणि वर्षानुवर्षे कोणी हरकत घेत नाही. अडचण येते ती हंगामात, भरलेल्या क्रेटचा टेम्पो आत न्यायचा तेव्हा, किंवा जुना माणूस गेल्यावर वारसांनी वाटेवर गडगा घातला तेव्हा. म्हणून शेजारी वाट द्यायला तयार असेल, तर तो हयात असतानाच ती कागदावर आणा.

तोंडी परवानगीवर विसंबू नका. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे 20 वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. पण मालकाच्या परवानगीने केलेली ये-जा यात धरली जात नाही. म्हणजे शेजारी जितका भला, तितका तुमचा दावा कच्चा!

आधी ठरवा, वाट कोणासाठी. एक-दोन बागांपुरती असेल तर जमीन मालकाचीच ठेवून फक्त जाण्या-येण्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने देता येतो. वाडीसाठी सार्वजनिक रस्ता हवा असेल तर ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र करावे लागते. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे, त्यावर किमान दोन साक्षीदार असावेत आणि देणारा हयात असतानाच ग्रामपंचायतीने ठराव करून जागा स्वीकारावी. पुढे फेरफार, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये रस्त्याची नोंद. नुसत्या स्टॅम्पपेपरवरचे नोटरी केलेले संमतीपत्र यासाठी पुरत नाही.

बक्षीसपत्रात तुकडेबंदी आड येऊ शकते, आणि वर्ग 2 किंवा कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला पूर्वपरवानगीचा प्रश्न असतो. तलाठ्यांकडे आधीच विचारा.

कोकणातली खरी मेख सामाईक 7/12 ची. एका सर्व्हे नंबरवर पंधरा-वीस नावे, निम्मी मुंबईत. गावातल्या एका भावाने सही केली म्हणून बाकीच्यांचा हिस्सा दिला गेला असे होत नाही. सगळे एकत्र भेटतात ते गणपतीत आणि शिमग्याला. मसुदा, मोजणीचा नकाशा तेव्हा तयार हवा. येऊ न शकणाऱ्यांकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घ्या.

जागा किती जाते? 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद रस्त्याला सुमारे 3 गुंठे. हद्दीवरून दोघांनी दीड-दीड मीटर दिले तर प्रत्येकाचा दीड गुंठा. कलमे 10 × 10 मीटरवर आणि पहिली ओळ हद्दीपासून 5 मीटर आत असेल तर खोड तोडावे लागत नाही, फांद्यांची छाटणी पुरते. लांबी, रुंदी, गट नंबर, वाहन नेण्याची मुभा आणि पावसाचे पाणी कुठे सोडायचे हे दस्तात लिहाच. उतारावरचे पाणी खालच्या बागेत घुसले की दिलेली वाट पुन्हा भांडणात जाते.

शेजारी राजी नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 लागू होते. तिथे अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत जावे लागते. 22 मे 2025 च्या शासन निर्णयानुसार शेतरस्त्याची नोंद 7/12 च्या ‘इतर हक्क’ सदरात घ्यायची आहे. दस्त झाल्यावर नवा उतारा काढून ती नोंद आली का, हे स्वतः पाहा.