अरण्यात तग धरण्याच्या मालिका: ग्रिल्स आणि स्ट्राउड

अरण्यात अडकलेल्या माणसाने जीव कसा वाचवावा, हे दाखविणाऱ्या मालिकांत दोन नावे ठळक आहेत. बेअर ग्रिल्स यांची ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ २००६ साली सुरू झाली. त्याआधी, २००४ साली, कॅनडाचे लेस स्ट्राउड यांची ‘सर्व्हायव्हरमॅन’ आली होती.

ग्रिल्स यांच्यासमवेत चित्रीकरण पथक असते. काही रात्री ते हॉटेलात राहिल्याचे २००७ मध्ये उघड झाले. स्ट्राउड मात्र साधारण सात दिवस एकटेच राहून स्वतः चित्रीकरण करीत. एकाचा भर साहसावर, दुसऱ्याचा संयमावर. भारतात ग्रिल्स घरोघरी पोहोचले ते १२ ऑगस्ट २०१९ रोजी. त्या भागात पंतप्रधान नरेंद्र मोदी कॉर्बेटच्या जंगलात त्यांच्यासमवेत होते.

पेडणे, डिचोलीच्या रानात मात्र स्थानिक ज्ञानच कामी येते. पावसाळ्यात रोयणीवर उगवणारी अळमी जाणकारच ओळखतो. दिसायला तशीच असणारी विषारीही असू शकतात. तेऱ्याची भाजी आंबट घालून नीट शिजविली नाही, तर घसा खाजतो.

सर्पदंशाबाबत तर पडद्यावरचे धाडस विसरणेच हिताचे. फुरसे वा घोणस चावल्यास जखम कापू नये, विष चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून १०८ रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिविष हाच खरा उपचार असून तो रुग्णालयातच मिळतो.