कंट्रोलचे कापड आणि दंड घातलेले लुगडे

दुसरे महायुद्ध शिकवताना आम्ही वर्गात हिटलर, हिरोशिमा, चर्चिल सांगतो. मुली तारखा पाठ करतात. पण त्या युद्धात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बाईच्या अंगावर काय होते, हे पुस्तकात नाही.

इंग्लंडचे मात्र सारे नोंदलेले आहे. तेथे १ जून १९४१ रोजी कपड्यांवर रेशनिंग आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने, आणि लोकरीच्या एका झग्याला ११ कूपने जात. चुण्या किती, बटणे किती, यावरही सरकारी मर्यादा आली. १९४२ मध्ये नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीझ यांच्यासारख्या नामवंतांच्या संघटनेने कमी कापडात नेटके बसतील असे नमुने तयार केले. ते आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. हे रेशनिंग मार्च १९४९ मध्ये उठले.

आपल्याकडे काय झाले? गिरण्यांचे कापड लष्कराकडे वळले, जपानी माल बंद झाला, साठेबाजी वाढली. १९४३ च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धापूर्वीच्या सुमारे पाचपट झाले. तेव्हा सरकारने जून १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. कापडावर कमाल किंमत छापली जाऊ लागली. गरिबांसाठी स्वस्त 'स्टँडर्ड क्लॉथ' आले. पुढे अनेक ठिकाणी कापड रेशनवर मिळू लागले. लोकांच्या तोंडी एकच शब्द राहिला : कंट्रोल.

आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. खामगाव ही कापसाची नामांकित पेठ. १८७० मध्ये जलंबहून तेथे रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठीच. ज्या मातीने गिरण्यांना कापूस पुरवला, तिथल्याच बाईला वारभर कापडासाठी रांगेत उभे राहावे लागले, ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

नऊवारी लुगडे मध्ये विरले की बाई ते फाडून चांगली टोके जोडी. याला दंड घालणे म्हणतात. त्यातून उरलेल्या जुनेराची मुलीची कुर्ती, मग बाळाचे दुपटे, शेवटी गोधडी. आमच्या घरातल्या बुजुर्ग बायका सांगत की, मांजरपाटाचा एक तुकडा पेटीत जपलेला असे. तो कफनासाठी. बाईच्या कफनाला पाच कपडे लागतात. जिवंतपणी ठिगळ चालेल, पण त्या वेळी उसने मागायला नको, एवढीच त्यांची इच्छा.

हार्टनेलने कागदावर जे आखले, ते या बायकांनी सुईने केले. त्यांची नावे कोणत्याही संग्रहालयात नाहीत, कारण त्यांनी शिवलेले शेवटच्या धाग्यापर्यंत वापरून संपले.

ते दिवस पाहिलेल्या फार थोड्या नानी-दादी आता उरल्या आहेत. आम्ही आमच्या विद्यार्थिनींना सांगितले आहे : घरी जा, गोधडी उलगडा, आणि कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा, ते विचारून वहीत लिहून ठेवा.