रक्ताचा कर्करोग

रक्तपेशी जिथे जन्मतात वा वाढतात त्या अस्थिमज्जेत किंवा रसग्रंथींत एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होऊन तिची बेसुमार वाढ सुरू झाली, की होणाऱ्या अनेक रोगांचे हे सामायिक नाव. बोलण्यात ‘ब्लड कॅन्सर’ असे एकवचन रूढ असले तरी ते दिशाभूल करणारे आहे. यातल्या काही रोगांवर वर्षानुवर्षे नुसती नजर ठेवली तरी चालते, तर काहींत चार दिवसांचा उशीरही जिवावर बेततो.

मुख्य गट तीन. ल्युकेमियात बिघडलेल्या पेशी अस्थिमज्जा व्यापतात. तांबड्या पेशी आणि प्लेटलेट यांना जागा उरत नाही. म्हणून थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. लिम्फोमाची सुरुवात बहुधा मान, काख वा जांघेतल्या न दुखणाऱ्या गाठीने होते. ‘आनंद’ (१९७१) चित्रपटाच्या नायकाला झालेला लिम्फोसार्कोमा याच गटातला. ते नाव आता वापरात नाही आणि त्या कुळातले कित्येक रोग आज बरे होतात. मायलोमा प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा, बहुधा उतारवयातला. तो कंबरदुखीच्या, मोडलेल्या मणक्याच्या किंवा बिघडलेल्या मूत्रपिंडाच्या रूपाने येतो, त्यामुळे रुग्ण आधी भलत्याच दारी जातो.

निदानाचा पहिला धागा रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसी चाचणीत सापडतो. पांढऱ्या पेशी एरवी घनमिलिमीटरला सुमारे ४ ते ११ हजार असतात. ल्युकेमियात त्या लाखावर जाऊ शकतात, पण कमीही असू शकतात. म्हणून काचपट्टीवरचे रक्त जाणत्या डोळ्यांनी पाहावे लागते. मग कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेतात. पेशी कोणत्या कुळातली हे फ्लो सायटोमेट्री सांगते, जनुकीय चाचण्या बिघाड नेमका कुठे ते दाखवतात. लिम्फोमात गाठीची बायोप्सी अटळ. आपल्याकडे मानेतली गाठ म्हणजे क्षय असे गृहीत धरून तपासणीविना औषधे सुरू होतात आणि त्यात महिने वाया जातात. मायलोमात रक्तातले विशिष्ट प्रथिन शोधतात.

नेमक्या निदानाने काय साधते, हे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात दिसते. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. क्रमांक ९ आणि २२ च्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने ते बनते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले. या जोडातून जन्मणारे प्रथिन रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये आली आणि एरवी काही वर्षांत मारणारा रोग मधुमेहासारखा सांभाळता येऊ लागला. तिच्या पेटंटचा दावा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी टिकून राहिली. अॅक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची गोष्ट आणखी नवलाची. अतिरक्तस्रावाने मारणाऱ्या या रोगावर जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेले औषध आणि चक्क सोमल लागू पडतो, दोन्हींचा पाया चिनी डॉक्टरांनी घातला.

इतरत्र मुख्य आधार केमोथेरपीचा. मुलांच्या अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात ती दोन-अडीच वर्षे चालते आणि बहुसंख्य मुले बरी होतात. लिम्फोमात तिच्या जोडीला रिटुक्सिमॅबसारखी प्रतिपिंडे देतात. मायलोमा बहुधा समूळ जात नाही, पण बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि रुग्णाच्याच मूळपेशींचे रोपण यांनी आयुष्य बरेच वाढते. रोपणासाठी दुसऱ्याची मज्जा घ्यायची तर सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

मुंबईशी या रोगाचे नाते जुने. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी स्थापन झालेला न्यास या रोगावरील संशोधनाला मदत करतो. टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उभारले. ते आणि पवईची आयआयटी यांच्या सहकार्यातून साकारलेल्या नेक्सकार१९ या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत रोगपेशी ओळखणारे जनुक घालून, त्या परत शरीरात सोडतात. इतर उपाय थकलेल्या बी-पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी तो आहे.