नदीचं तोंड ज्याच्या हाती

29 नोव्हेंबर 1885. ब्रह्मदेशाच्या राजधानीत, मंडालेला, राजवाड्याच्या तटाबाहेर तुम्ही गर्दीत उभे आहात. उन्हं कललीत. थिबा राजा बाहेर येतोय म्हणतात. हत्तीवरून? पालखीतून? येते ती साधी बैलगाडी. सव्विसाव्या वर्षीच राज्य गमावलेला माणूस तिच्यात बसलाय, दुतर्फा गोरे शिपाई. आजूबाजूच्या बायका मटकन खाली बसून रडू लागतात.

गाडीमागून घाटाकडे चला. युद्ध कसं झालं म्हणून विचाराल, तर फारसं झालंच नाही. इंग्रजांच्या जनरल प्रेंडरगास्टची सुमारे दहा हजारांची फौज सरहद्द ओलांडून दोन आठवड्यांत इथवर पोचली, तीही आगबोटीत बसून. ब्रह्मदेशात हमरस्ता एकच, इरावती. आणि या बोटीही कालपरवापर्यंत मंडालेला माल आणणाऱ्या, इरावती फ्लोटिला कंपनीच्या.

पायाखालची धूळ बघा. पश्चिमेचे आराकानचे डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे मंडालेची गत आपल्या माणदेशासारखी. तीळ पिकतो, कापूस पिकतो, भात मात्र पोटाला पुरत नाही. तो पिकतो खाली, समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात, आणि तो मुलूख 1852 च्या युद्धात इंग्रजांनी घेतला. राज्य तेव्हाच गेलं, असं माझं मत. थिबाचा दुबळेपणा आणि राणी सुपयालातचा दरारा सांगणाऱ्यांना हे पटायचं नाही. त्यांच्या गोष्टीत तिखटमीठ जास्त.

कारभार बघायचा तर ह्लुत्तॉकडे, म्हणजे मंत्र्यांच्या सभेकडे. हुकूमही तिचे, निवाडेही तिचे. थिबाचा बाप मिंडोन शहाणा राजा. त्यानं घरटी कर बसवला, अंमलदारांना जहागिरीऐवजी पगार देऊ केला. पण पाऊस दगा देतो तेव्हा कर कुणाच्या घरातून काढायचा? मग भिस्त सागवानावर. निंग्यानचं जंगल तोडायचा मक्ता बॉम्बे बर्मा कंपनीकडे. ही 1863 साली आपल्या मुंबईत निघालेली. कंपनी ओंडके कमी दाखवून महसूल बुडवते, असं म्हणत ह्लुत्तॉनं यंदा सुमारे 23 लाखांचा दंड ठोकला. जानेवारीतला फ्रेंचांशी झालेला तह इंग्रजांना खुपतच होता, त्यात हे आयतं निमित्त.

आता बोटीवर चढा. प्रवाहाबरोबर खाली जाताना उजाड काठ संपतात आणि कापणीला आलेली भातशेती लागते. रंगूनला गिरण्या तांदूळ सडतायत, तूस जाळून त्याच्याच वाफेवर. 1869 मध्ये उघडलेल्या सुएझच्या कालव्यातून हा तांदूळ युरोपला जातो. वरच्या राजधानीनं हवा तर विकत घ्यावा!

1 जानेवारी 1886 ला एका जाहीरनाम्यानं थिबाचं राज्य खालसा होईल. त्याला मद्रासला नेतील, एप्रिलात रत्नागिरीला. इंग्रज ह्लुत्तॉ थोडे महिने चालवून बघतील, मग गुंडाळतील. ब्रह्मदेश 1937 पर्यंत हिंदुस्थानचा एक प्रांत म्हणून राहील, आणि बॉम्बे बर्मा कंपनी सागवान तोडत राहील.