बावन्न पात्रांचा एक नट

नांदेड-लातूरकडील माणूस पुण्यामुंबईस जाऊन "काय करायलास?" असें म्हणाला म्हणजे ऐकणाराच्या ओठांवर आधीं हंसूं येतें, अर्थ मागाहून कळतो. हा प्रांत १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं होता. कचेरींत उर्दू, उच्च शिक्षणांतहि उर्दू. आणि नाटकांतील शिष्ट मराठी पुण्यामुंबईची. येथील बोली रंगभूमीवर आलीच तर बहुधा गड्याच्या तोंडीं, व तीहि चार घटका हंसविण्यापुरती.

ही वहिवाट मोडली ती औरंगाबादच्या एका अध्यापकानें. प्रा. लक्ष्मणराव देशपांडे (१९४३-२००९) हे मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागांत शिकवीत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हें एकपात्री नाटक त्यांनीं स्वतः लिहिलें व १९७९ पासून स्वतःच केलें. खेड्यांतील गोतावळा लग्नासाठीं विलायतेस निघतो, एवढेंच कथानक. पात्रें बावन्न आणि नट एक! गिनेस बुकानें नोंद घेतली, तेव्हांपासून लोक तो आंकडाच सांगत बसले. आम्हांस आंकडा गौण वाटतो. औरंगाबादची बोली नांदेडहून थोडी निराळी खरी; पण मराठवाड्याची बोली येथें एका गड्यापुरती राहिली नाहीं. लहानथोर, बायकापुरुष सारे तींतच रुसतात, भांडतात, मान राखतात.

विमानापुढें गोंधळलेला खेडूत दाखवून हंसविणें हें तरी जुनेंच नव्हे काय? आक्षेपांत तथ्य आहे. कांहीं ठिकाणीं थट्टा स्वस्त होते. परंतु थट्टा करणारा आणि ती सोसणारा येथें एकाच देहांत वावरतात, म्हणून प्रेक्षक परक्याला हंसत नाहीं, स्वतःच्या चुलत्याला हंसतो.

हें कसब परदेशांतून आणलेलें नव्हे. पैठणच्या एकनाथांनीं भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या वाणीनें बोलून ठेवलें होतें. कीर्तनकार तर घटकेंत राजा होतो, घटकेंत दासी. देशपांड्यांपाशीं खांद्यावरचें एक वस्त्र असे. पडदे नकोत, नटमंडळींचा लवाजमा नको. नाट्यगृह नाहीं अशा तालुक्याच्या गांवींहि असा प्रयोग उभा राहूं शकतो.

करणारा गेला म्हणजे असें नाटक कागदावरच उरावयाचें. तसें झालें नाहीं. बीड जिल्ह्यांतील माजलगांवचे संदीप पाठक, 'श्वास' (२००४) सारख्या चित्रपटांत व रंगभूमीवर नाना स्वभावांच्या भूमिका केलेले नट, यांनीं तें पुढें उचललें. बोली त्यांना शिकावी लागली नाहीं. बावन्न माणसें मात्र त्यांनाहि एकट्यानेंच उभीं करावीं लागलीं.