ओझं कुणाच्या हाडांवर?

हल्लीची मुलं गड चढायला निघतात तेव्हा मी त्यांच्या पाठीवरच्या सॅककडे कौतुकाने बघत राहतो. खांद्याला जाड पट्टे, छातीवर चाप, कमरेला रुंद पट्टा. आमच्या वेळी खाकी हॅवरसॅक खांद्याला अडकवली की झाली तयारी! हा कमरेचा पट्टा आला कुठून, हे शोधायला बसलो आणि वाट पार नेपाळपर्यंत गेली.

डिक केल्टी हा कॅलिफोर्नियातला सुतारकाम करणारा, डोंगरवेडा माणूस. १९५० च्या सुमारास एका भटकंतीत त्याच्या मित्राने सॅकच्या चौकटीची खालची टोकं विजारीच्या मागच्या खिशांत खोचली. आणि काय गंमत, खांदे एकदम हलके झाले! वजन कमरेच्या हाडांवर उतरलं होतं. १९५२ पासून केल्टी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक घरीच बनवून विकू लागला. पिशव्या शिवायचं काम बायकोकडे. कमरेचा पट्टा रुळला तो याच सॅकमधून.

ओझं माणूस आदिकाळापासून वाहतोय; पण त्यात शक्ती किती खर्च होते, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला तो अलीकडे. चालणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा बसवायचा आणि तो किती प्राणवायू वापरतो ते मोजायचं. मल्होत्रा आणि सेनगुप्ता या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ साली शाळकरी मुलांवर असा प्रयोग केला. तेच दप्तर पाठीवर घेण्याऐवजी हातात धरलं, की दुपटीहून जास्त शक्ती लागते, असं त्यांना आढळलं. माझा जन्म शाळेत गेला, पण दप्तराचं वजन सोडून ते धरायचं कसं, याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत कधी ऐकल्याचं आठवत नाही.

पायांचं गणित तर आणखी निराळं. पाठीवरच्या एक किलोपेक्षा बुटातला एक किलो चार ते सहा पट महागात पडतो, कारण प्रत्येक पावलाला तो उचलायचा आणि पुढे फेकायचा. म्हणजे वजन किती, याइतकंच ते कुठे टेकलंय हेही महत्त्वाचं.

आता नेपाळ. तिथले हमाल डोको नावाची टोपली पाठीवर घेतात, पण तिचा भार पेलतो कपाळावरून जाणारा नाम्लो हा पट्टा. नामचेच्या आठवडी बाजाराला माल घेऊन ते सुमारे १०० किलोमीटरची चढउताराची वाट ७ ते ९ दिवसांत चालत असत. शास्त्रज्ञांनी वाटेवरच त्यांना तोललं. २००५ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: पुरुषांचं ओझं सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के, बायकांचं ६६ टक्के. एकाचं तर १८३ टक्के! आणि भारी ओझ्याला त्यांचा शक्तीचा खर्च आधुनिक सॅकवाल्या पाश्चात्त्यांपेक्षा कमी.

यामागे चालण्याची काही खास लकब असेल म्हणून नंतर बारकाईने मोजमापं झाली, पण तशी युक्ती काही सापडली नाही. दिसली ती शिस्त. ते हळू चालतात, सारखे थांबतात, आणि थांबले की काठी टोपलीखाली लावून उभ्या उभ्याच भार टेकवतात. 'घाई करू नका' हे आपल्या आजीआजोबांनी सांगितलेलंच की!

इथे मात्र मला एक गोष्ट खटकते. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहकांच्या पाठीवर केल्टीच्या सॅक होत्या. मोहिमेचं बाकी सामान डोंगरापर्यंत वाहिलं सुमारे ९०० नेपाळी हमालांनी. सॅक सुधारत गेली ती हौसेने चालणाऱ्यासाठी. पोटासाठी चालणाऱ्याच्या कपाळावर पट्टाच राहिला, आणि त्याचं कौतुक करायला आपण प्राणवायूचे आकडे घेऊन गेलो.

हमालाला कमी शक्तीत ओझं वाहता येतं, याचा अर्थ त्याला ते हलकं लागतं असा नव्हे. अंगात मुरलेली ही काटकसर आहे. घरात पैसा कमी असला की आई जशी संसार भागवते, तशी. त्या काटकसरीचं कौतुक जरूर करावं, पण तिच्या भरवशावर ओझं वाढवू नये.

असो. तुमच्यापैकी कुणी हिमालयात ट्रेकला जाणार असेल, तर निघताना सॅकमधून एखादा जास्तीचा स्वेटर काढून ठेवा. हमालाकडे द्यायच्या पिशवीतूनही काढा. तो वाहणार आहे म्हणून तिथे भरू नका.